लग्न दूरदेशी, आशीर्वाद घरी

‘मुलाचे लग्न तिकडेच झाले, आता इकडे स्वागत समारंभ ठेवला आहे,’ हे वाक्य पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली, जळगाव, अमरावतीकडच्या घरांतूनही आता सहज ऐकू येते. दोघांच्या नोकऱ्या परदेशी, स्नेहीमंडळी तिकडची, रजा मोजक्या. विवाह तिकडेच पार पडतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी वधूवर मायदेशी आले की आईवडील एखादे कार्यालय ठरवून आप्तेष्टांना बोलावतात. या सदराच्या वाचकांपैकी काही जण अशा समारंभाचे यजमान असतील, काही निमंत्रित, तर काही जण एखाद्या वृद्ध निमंत्रिताचा हात धरून त्याला घेऊन येणारे. तिघांनाही उपयोगी पडावे अशा बेताने आज या विषयाकडे पाहू.

हा समारंभ कोणासाठी आहे, हे आधी मनाशी नक्की करावे. जे लग्नाला जाऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तो आहे, आणि न जाऊ शकलेल्यांत वयोवृद्धांचीच संख्या मोठी असते. मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला थेट विमानानेसुद्धा पंधरा-सोळा तास बसावे लागते. गुडघे, हृदय, वरचेवर लघवीला जावे लागणे, वयाबरोबर चढत जाणारा प्रवास-विम्याचा हप्ता, यांपैकी एकच कारण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरी बसवायला पुरेसे होते. ज्या नातवाला अंगाखांद्यावर खेळवले त्याच्या डोक्यावर आपल्या हातून अक्षता पडल्या नाहीत, ही रुखरुख आजी बोलून दाखवत नाहीत. पण ती असते. म्हणून समारंभाची आखणी सजावटीपासून किंवा पदार्थांच्या यादीपासून सुरू न करता आपल्या यादीतल्या सर्वांत वृद्ध पाहुण्यापासून सुरू करावी. त्या व्यक्तीला जे सुखाचे, ते बाकीच्यांना सहसा गैरसोयीचे होत नाही. याच्या उलट मात्र घडत नाही.

पहिला शिष्टाचार समारंभाच्या कितीतरी आधी पाळायचा असतो. लग्नाची छायाचित्रे मोबाइलवरच्या कौटुंबिक समूहात झळकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना ती वार्ता प्रत्यक्ष आवाजात कळायला हवी. चुलत आजोबांना नातवाचे लग्न शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून कळले, तर पुढे कितीही थाटाचे कार्य केले तरी मनात पडलेली अढी सुटत नाही. लग्न दूरस्थ पडद्यावर दाखवणार असाल तर वेळेचा हिशोबही वडिलांच्या सोयीने करावा. न्यू जर्सी आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. म्हणजे तिथे सकाळी अकराला लागणारे लग्न इथे रात्री साडेनऊला वा साडेआठला दिसणार. जेवण, औषधे आटोपून आजी-आजोबा खुर्चीत बसलेले असतील आणि जवळ कोणी यंत्र हाताळणारा असेल, तर ते लग्नाला हजर राहिल्यासारखेच होते.

निमंत्रणाची भाषा सरळ असावी. ‘चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह’ असे लिहून खाली कार्यालयाचा पत्ता दिला की जुन्या वळणाची माणसे लग्नच इथे आहे असे समजून मुहूर्त विचारतात. त्याऐवजी ‘आमच्या मुलाचा विवाह अमुक तारखेस अमुक गावी मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत संपन्न झाला. नवदांपत्यास आपले आशीर्वाद मिळावेत या इच्छेने योजिलेल्या स्नेहभोजनास अगत्याने यावे,’ एवढे लिहिले की कोणाच्या मनात संभ्रम राहत नाही. इतरांना मोबाइलवरील संदेश चालेल. ऐंशीच्या घरातल्या माणसांना मात्र छापील पत्रिका द्यावी, जमल्यास स्वतः जाऊन, हातावर अक्षत ठेवून. त्या भेटीत लग्नाला का बोलावले नाही याच्या लांबलचक सबबी सांगू नयेत. ‘तुम्हांला तिथवर आणणे आमच्याने झाले नाही, म्हणून त्यांनाच तुमच्याकडे आणतो आहोत,’ हे एक वाक्य पुरते.

काही यजमानांना वाटते की इथल्या मंडळींचे समाधान व्हावे म्हणून अंतरपाट धरून, मंगलाष्टके म्हणून लग्न पुन्हा लावावे. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही, सप्तपदी हा विधीचा भाग असेल तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे म्हटले आहे. झालेले लग्न पुन्हा लावल्याने त्याची खरेपणाची मोहोर अधिक ठळक होत नाही, उलट ‘मग तिकडे काय झाले होते?’ हा प्रश्न तेवढा उभा राहतो. तिकडच्या लग्नाची दहा मिनिटांची चित्रफीत दाखवा. (तासाभराची नको; ती कॅमेरावाल्याच्या हौसेसाठी असते.) आजींच्या मनात अक्षतांची ओढ असेल तर त्यांच्या हाती अक्षता द्या आणि त्यांना हवा तो आशीर्वाद म्हणू द्या. घरी सत्यनारायणाची पूजा किंवा कुळाचाराप्रमाणे गोंधळ घालायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी, घरच्यांपुरता.

विधी नाही याचा एक मोठा फायदा असा की मुहूर्ताचे बंधन उरत नाही, आणि वेळ आपल्या हाती राहते. तरीही बहुतेक पत्रिकांवर ‘सायंकाळी ७ ते १०’ छापलेले दिसते, ते केवळ सवयीने. वृद्धांसाठी ही वेळ सर्वांत अडचणीची. अंधारात कमी दिसते, परतताना रिक्षा मिळत नाही, रात्रीची औषधे आणि झोप दोन्ही चुकतात. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांचा गोंधळ संध्याकाळनंतर बहुधा वाढतो. परदेशस्थ मुले बव्हंशी डिसेंबरच्या सुटीत येतात. त्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ किती प्रसन्न असते! साडेबाराला पाने वाढावीत. एप्रिल-मे महिन्यांत कार्य करावेच लागले तर वातानुकूलित सभागृह ही चैन समजू नये.

तारीख ठरवताना प्रवासाचा शीणही जमेस धरावा. दहा तासांच्या फरकाला शरीर एका रात्रीत सरावत नाही. ढोबळमानाने एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. वधूवर पहाटे उतरले आणि संध्याकाळी व्यासपीठावर उभे राहिले, तर पाहुण्यांना भेटतात ती दोन पेंगुळलेली माणसे. निदान चार-पाच दिवस मध्ये जाऊ द्यावेत. विमानातून आलेला सर्दी-खोकलाही तेवढ्यात स्पष्ट होतो. वराला ताप असेल तर गळाभेटी टाळून दुरून नमस्कार करावा आणि तोंडावर मुखपट्टी बांधावी. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या आजोबांना त्याची सर्दी परवडणारी नसते. यजमान आईवडीलही साठी उलटलेले असतात, हे ते स्वतःच विसरतात. आपणही लग्नाहून नुकतेच परतलेले असाल, पोटरीत दुखत असेल वा एका पायाला सूज आली असेल, तर ‘प्रवासाने झाले असेल’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दीर्घकाळ बसून राहिल्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा तो संभव असतो.

कार्यालय पाहायला जाल तेव्हा सभागृहाच्या झुंबरांआधी स्वच्छतागृह पाहा. ही सूचना वाचून हसू येईल, पण अनेक वृद्ध स्त्रिया समारंभाला निघण्यापूर्वी पाणी पिणेच सोडतात; तिथे जावे लागले तर काय, या धास्तीने. मग चक्कर येते आणि दोष उन्हाला दिला जातो. बसायला कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, फरशी कोरडी राहते का, सभागृहापासून अंतर किती, एवढे पाहून घ्यावे. पायऱ्या असतील तर उतरण आहे का हे विचारावे. पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे उतरण नव्हे; एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो, तेव्हा कुठे चाकांची खुर्ची सुरक्षितपणे चढते. खुर्च्या हाताच्या असाव्यात. हात नसलेल्या, खाली दबणाऱ्या सोफ्यात बसलेल्या आजोबांना पुढे दोघांनी ओढून उठवावे लागते, आणि तो अवमान ते विसरत नाहीत.

आता व्यासपीठाकडे वळू, कारण आपल्याकडील स्वागत समारंभाचा सर्वांत निर्दय भाग तिथे घडतो. वधूवर उंचावर सजवलेल्या सिंहासनांवर, खाली हातात पाकीट घेतलेल्या पाहुण्यांची रांग, कठडा नसलेल्या चार पायऱ्या, प्रखर दिवे, आणि ‘पुढे सरका, इकडे बघा’ म्हणणारा छायाचित्रकार. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस अर्धा तास एका जागी उभा राहिला की पायांत रक्त साकळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय ज्याने आशीर्वाद द्यायचा त्याने रांगेत उभे राहावे आणि ज्यांनी तो घ्यायचा त्यांनी बसून असावे, ही रीत आपल्या कोणत्या संस्कारात बसते? पंचाहत्तरीपुढच्या कोणालाही व्यासपीठावर चढवू नये. समारंभ सुरू होताच पहिला पाऊण तास वधूवरांनी खाली येऊन, ज्येष्ठांच्या खुर्चीजवळ जाऊन, वाकून नमस्कार करावा आणि शक्य तर शेजारच्या खुर्चीवर दोन मिनिटे बसावे. छायाचित्रही तिथेच घ्यावे. त्यात सजावट येणार नाही, पण आजोबांचा हात नातसुनेच्या डोक्यावर येईल. हे आयत्या वेळी आपोआप घडत नाही. छायाचित्रकाराला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि एखाद्या भाच्या-पुतण्याच्या हाती ज्येष्ठांची नावे द्यावीत.

त्या पहिल्या तासात संगीत अगदी मंद असावे, नसले तरी चालेल. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. ‘स’, ‘त’, ‘फ’ अशी व्यंजने गोंगाटात बुडतात आणि माणूस ऐकू येते पण समजत नाही अशा अवस्थेत कसनुसे हसत बसतो. श्रवणयंत्र गप्पांबरोबर ढोलही मोठा करते. कायद्याने निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आपल्या समारंभांतला ध्वनिक्षेपक तिच्या कितीतरी वर असतो. पुढची रांग मानाची म्हणून आजींना थेट त्या खोक्यासमोर बसवण्याची चूक सर्रास होते. थंड धुराची यंत्रे आणि व्यासपीठावरची भुईनळ्यांसारखी आतषबाजी दमेकऱ्यांसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावी.

मानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. अशा समारंभात नव्या सुनेची ओटी भरतात, हळदीकुंकू लावतात, आणि त्या वेळी वराची विधवा आजी किंवा काकू आपण होऊन मागे सरकते. तिला कोणी ‘नको’ म्हटलेले नसते. पण कोणी ‘ये’ असेही म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. गावाला जे जमले ते एका कुटुंबाला जमू नये असे नाही. मात्र आजींना सर्वांसमक्ष अचानक पुढे ओढू नये. सत्तर वर्षांचे वळण असते, त्या गांगरतात. आदल्या दिवशी एकांतात विचारावे, ‘पहिली ओटी तुम्ही भराल ना?’ त्या नाही म्हणाल्या तर त्यांच्या हातून दुसरा एखादा मान द्यावा. विचारले गेले, हेच त्यांना पुष्कळ असते.

जेवणाविषयी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, मग वाढून कोणत्या हाताने घ्यायचे? उभ्याने जेवण्याची पद्धत तरुणांसाठी ठेवावी. ज्येष्ठांसाठी मेज-खुर्चीची एक पंगत निराळी मांडावी आणि वाढायला घरची माणसे असावीत. पदार्थ नेहमीचेच: मऊ वरणभात, तूप-लिंबू, घडीच्या मऊ पोळ्या, कमी तिखटाची एक भाजी, कोशिंबीर, ताक. पापड, लोणचे, फरसाण यांत मीठ फार. ते मागतील त्यांनाच वाढावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ नुसते उघड्यावर राहू नये, गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, हे आचाऱ्याला बजावून सांगावे. तरुणाला जे एका दिवसाचे पोटदुखणे, ते वृद्धाला रुग्णालयात नेऊ शकते. जेवणाच्या आधी जलद काम करणारे इन्सुलिन घेणाऱ्यांनी पान समोर आल्याखेरीज सुई टोचून घेऊ नये. समारंभात ‘आता वाढतीलच’ याचा अर्थ पाऊण तास असतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे अशी साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जेवणानंतर काही वृद्धांचा रक्तदाब उतरतो, तेव्हा पानावरून उठण्याची घाई कोणी करू नये, करवूही नये.

आग्रह हा आपला जुना अलंकार. तो एकदा करावा. दुसऱ्यांदा ‘अहो, एका जिलबीने काय होतंय!’ म्हणणे हा लोभ नव्हे, आणि ‘काकांना गोड देऊ नका हं, शुगर आहे,’ असे पंगतभर ऐकू जाईल असे ओरडणे ही काळजी नव्हे. काकांना आपली साखर ठाऊक असते. त्यांनी अर्धी जिलबी घ्यायचे ठरवले असेल तर तो त्यांचा हिशोब आहे.

आहेराचेही असेच तारतम्य हवे. लग्न होऊन गेल्यावर बोलावणे म्हणजे भेटवस्तूंची मागणी, असा वास निमंत्रणाला येऊ नये, म्हणून ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे छापणे योग्यच. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांना त्याने मोठा दिलासा मिळतो. परंतु आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून एकशेएक रुपये काढून सुनेच्या हाती ठेवले, तर छापील ओळीवर बोट ठेवून ते परत करणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. घ्यावे, कपाळाला लावावे, नमस्कार करावा.

सून परभाषक किंवा परदेशी असेल तर तिच्यासाठी दहा-बारा ज्येष्ठांची छायाचित्रे आणि नावे कागदावर लिहून द्यावीत. ‘माई आजी’ अशी हाक तिच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या उच्चारांकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिला सर्वांसमोर उखाणा घ्यायला भाग पाडू नये. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्याकडूनही काही अपेक्षा आहेत. येणार की नाही हे वेळेत कळवावे. चाकांची खुर्ची लागते, रात्रीचा प्रवास जमत नाही, हे संकोच न करता सांगावे. यजमानांना अंदाज बांधायला लावू नये. ‘असं कसं परस्पर लग्न केलंत?’ हा प्रश्न त्या दिवशी घरीच ठेवून यावे.

आपल्याला सांभाळणाऱ्या ताई सोबत येणार असतील तर तेही कळवावे. यजमानांनी निमंत्रणातच ‘आपल्या सोबतच्या ताईंसह’ असे लिहिले तर फारच उत्तम. त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर उपाशी बसवून आपण पंगतीला बसणे अशोभनीय आहे. त्यांचे पान आजींच्या शेजारी मांडावे. स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांना अर्ध्या तासासाठीच आणावे, जवळ एक शांत खोली असावी, आणि त्यांनी तिसऱ्यांदा ‘लग्न केव्हा लागणार?’ असे विचारले तर ‘लागलं हो, छान झालं’ एवढेच म्हणावे. चूक दाखवून देऊ नये.

ज्यांना यायलाच जमणार नाही अशी माणसे प्रत्येक घरात असतात: अंथरुणाला खिळलेल्या मावशी, प्राणवायूच्या यंत्रावर असलेले काका, आणि दिवसरात्र त्यांच्या उशाशी असणारी त्यांची लेक किंवा पत्नी. त्यांच्याकडे वधूवरांनी समारंभाच्या आधी जावे, नंतर नव्हे. नंतरच्या भेटी राहून जातात आणि परतीचे विमान चुकत नाही. सकाळी अंघोळ-न्याहारी आटोपल्यावर, दहा-साडेदहाच्या सुमारास, आधी विचारून जावे. समारंभातलेच कपडे घालावेत. मावशींना शालू पाहायचा असतो. उग्र अत्तर लावू नये. उभ्याने ‘बरं वाटतंय ना?’ न विचारता पलंगाशी खुर्ची ओढून बसावे, लग्नाची हकीकत सांगावी, वीस मिनिटांत उठावे. छायाचित्र काढण्याआधी मावशींना विचारावे, आणि त्या हो म्हणाल्या तर आधी त्यांचे केस विंचरून द्यावेत. त्यांच्या लेकीसाठी डबा न्यावा, कारण समारंभाच्या दिवशी तीही येऊ शकणार नाही.